सावलीत सुकवलेली तुळस

तुमच्या कोंबड्यांच्या शेडच्या दारावर एक हिरवं पत्रक चिकटवलेलं आहे का? 'उन्हाळ्यात कोंबडी वाचवा – फक्त तुळस आणि आवळा' असं ठळक लिहिलेलं? ते मी लिहिलंय. आणि त्याबद्दलची एक गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही – ते छापणाऱ्या माझ्या बाबांनाही नाही.

मी पत्रकांवरच वाढले. बाबा छापायचे, मी घड्या घालायचे. एक पान, एक मागणी, मध्ये 'पण' नको – हे मला फार लहानपणीच कळलं होतं. कोंबड्यांच्या महागड्या औषधांविरुद्ध लिहायचं ठरवलं, तेव्हा मी रेवदंड्याजवळ मावशीकडे गेले. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यात कोंबड्या चोची उघडून धापा टाकतात, बसल्या जागी मरतात. मावशीच्या मरत नव्हत्या. ती सकाळच्या खाद्यात तुळशीची आणि आवळ्याची पूड मिसळायची. शिवाय भर दुपारी खाद्य उचलून ठेवायची, छपरावर ओली गोणपाटं टाकायची आणि पंखा लावायची.

"पंखा लिव हां पोरी," निघताना तिनं बजावलं. "पाल्यानं काय वारा सुटत न्हाय."

मी पंखा लिहिला नाही. गोणपाटं, दुपारचं खाद्य – काहीच नाही. का? पान भरलं होतं, असं म्हणता येईल. तेही खोटं. मला 'फक्त' हा शब्द सोडवत नव्हता. पंखा आला की घोषणा लंगडी पडत होती.

चौलच्या निर्मलाकाकूनं ते पत्रक वाचलं. औषधांविरुद्धच्या माझ्या प्रत्येक सभेला पहिल्या रांगेत बसणारी बाई. तिनं शेडमधला पंखा काढून सासूच्या खोलीत लावला. मे महिन्यातल्या एका दुपारी तिच्या जवळजवळ सगळ्या कोंबड्या गेल्या.

इथवर चूक म्हणता येईल. पण –

मी भेटायला गेले. वाडीतला खड्डा बुजवून ती हात धूत होती. मला बघून तीच ओशाळली. "माझाच हात चुकला गं. तुळस उन्हात सुकवली मी. सावलीत सुकवायला हवी होती, व्हय ना?"

आणि मी म्हणाले – "हो. उन्हात गुण जातो."

तिनं मान डोलावली. चहा टाकला. मी तो प्यायले.

पुढच्या छपाईत मी एक ओळ वाढवली – तुळस सावलीतच सुकवावी. कळतंय ना मी काय केलं? माझं खोटं झाकायला मी तिची न झालेली चूक छापली. आता काकू बचत गटातल्या बायकांना स्वतःच हसत सांगते, "माझ्यासारखं येड्यागत करू नका." बायका ऐकतात, तुळस सावलीत पसरतात. पंख्याचं कुणीच विचारत नाही.

परवा कळलं, तिनं शेड पुन्हा भरली. आणि ऊन तर आत्ताच सोसवत नाही. दुपारी फोन वाजला की आधी काकूचं नाव तर नाही ना, ते बघते.

हा कागद छापायला बाबांच्या हाती देऊन मी आजच चौलला जाणार आहे. तिला तोंडावर सांगणार आहे. ती काय म्हणेल, ते तिचं.

तुम्ही एवढं करा. ते हिरवं पत्रक तुमच्या किंवा शेजारणीच्या दारावर असेल, तर पेन घ्या आणि 'फक्त' खोडा. खाली लिहा – पंखा. छपरावर ओली गोणपाटं. भर दुपारी खाद्य नको. ऊन चढायच्या आत लिहा. आणि सावलीची ती ओळही खोडा. काकूचा हात चुकला नव्हता.