मिठाच्या ढिगापुढची मावशी

देवानं जगात रंग भरले ही त्याची एक चूक आणि त्यात करडा घातला ही दुसरी, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. उरणच्या एका मिठागरावर काका कारकून होते, आणि मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा त्यांच्याकडेच राहत असे, त्यामुळे हे काही ऐकीव नाही. काचेच्या प्लेटांचा एक कॅमेरा त्यांनी कुठूनसा पैदा केला होता. त्यांच्या फोटोत काळं म्हणजे काजळ आणि पांढरं म्हणजे मीठ. अधलंमधलं काही खपायचं नाही. आभाळ काळं पडावं म्हणून ते भिंगावर पिवळी काच लावत, आणि ढगाळ दिवस उगवला की "आज ऊन नाही, नुसतं ताक आहे," म्हणून तोंड पाडून बसत. एकदा ढिगाची सावली मनासारखी पडेपर्यंत त्यांनी मीठ न्यायला आलेला मचवाच खोळंबवला. मुकादम काकुळतीला आला, "भाऊसाहेब, भरती उतरतेय, मीठ कवा भरायचं?" काका म्हणाले, "भरती परत येईल. ही सावली येईल का?" "सावली बी उद्या येतेच की!" मुकादम म्हणाला. पण तोवर काकांचा फोटो निघाला होता. कचेरीतल्या एका गृहस्थांनी त्यांचा डोंगराचा फोटो उलटा धरून तोंडभर कौतुक केलं, तर काकांनी तो घरी उलटाच टांगला. "असाही बरा दिसतो," म्हणाले.

डोंगरांचे, खडकांचे फोटो ते हौसेनं काढत, माणसांचे मात्र काढत नसत. अशात इंदूरहून मामाचं पत्र आलं: मोतीबिंदूनं आजीची नजर झपाट्यानं चालली आहे, ती पुरती जायच्या आत एकदा मावशीचा चेहरा बघायचा म्हणते. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मावशी इंदूरला जाणार कशी? ती काकांना म्हणाली, "अहो, माझा एक फोटो काढा ना." काका घुटमळले. "मी काय तुमच्या त्या खडकाहून वाईट दिसते?"

"खडक हलत नाही," काका म्हणाले.

दोन दिवस मावशीनं अबोला धरला. तिसऱ्या दिवशी काकांनी तिला काळं लुगडं नेसवून मिठागरावर नेलं आणि मिठाच्या ढिगापुढे उन्हाकडे पाठ करून उभं केलं. उन्हाचा तिरपेपणा जमेपर्यंत तासभर गेला. शेवटी कमरेवर हात ठेवून ती ओरडली, "आता काढा एकदाचा!" आणि काकांनी नेमका तेव्हाच काढला.

फोटोत आभाळ काळं, ढीग पांढराशुभ्र, आणि मधोमध काळीकुट्ट मावशी. नाक नाही, डोळे नाहीत. "आईला काय हा कोळसा पाठवू?" म्हणून ती रडली. मलाही काकांचा राग आला, पण दुसरी प्लेट शिल्लक नव्हती. आम्ही तोच पाठवला.

मामाचं उत्तर आलं: "नातवंडांचे फोटो दिले की आई म्हणते, नुसतं धुकं दिसतं. हा मात्र तिनं खिडकीशी नेऊन पाहिला आणि हसत म्हणाली, 'ही माझी ठकी. कमरेवर हात बघ, रागावलीय!'"

मावशीनं ते पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा हसली. काका आता महिनाभर मिरवणार, असं मला वाटलं. पण ते चष्मा पुसत बसून राहिले. "तुझ्या आईला चेहरा हवा होता गं," एवढंच म्हणाले. नव्या प्लेटा आल्या त्याच दिवशी त्यांनी मावशीला अंगणात, सावलीत बसवलं आणि नाकडोळ्यांसकट छान फोटो काढून इंदूरला धाडला. तो पोचेपर्यंत आजीची नजर पुरती गेली होती. मामानं दोन्ही फोटो तिच्या हातात दिले, आणि ठकी कमरेवर हात ठेवून उभी आहे तो कुठला, हे विचारून घेऊन तिनं तोच उशाशी ठेवला.