खंडेनवमीला कापलेलं मशीन

गॅस कटरची ज्योत मशीनला लागली आणि मी ओरडले, "थांबव! आज खंडेनवमी आहे!"

मुलाने कपाळाला हात लावला. भंगारवाल्याला आजचा दिवस त्यानेच दिला होता. वर्षानुवर्षं याच दिवशी आमचा सातपूरचा गाळा बंद असायचा. मशीन पुसायचं, झेंडूची माळ घालायची, हत्यार चालवायचं नाही. पण हे प्रेस मशीन उन्हाळ्यापासून बंदच होतं. रोजच बंद, त्यात सण कुठला लक्षात राहणार?

पोलादी पत्र्यातून आम्ही बोल्टखाली बसतात ते वॉशर पाडायचो. नवरा गेल्यावर मुलगा मशीनवर, मी खाली बसून खराब माल निवडायचे. मग बाहेरच्या देशांतल्या स्वस्त पत्र्याने इथले मोठे कारखाने बुडतील म्हणून सरकारने त्या पत्र्यावर कर लावला. लगेच इथल्या मोठ्यांनीही भाव चढवले. आम्हाला पत्रा महाग. आणि बाहेरचा तयार वॉशर? तो खोकी भरभरून येतच राहिला, आमच्या नुसत्या पत्र्याहून स्वस्त. आमचं जुनं गिऱ्हाईक तोच घेऊ लागलं. कच्च्या मालाला कुंपण आणि पक्क्याला दार सताड उघडं! कोणाला वाचवलं यांनी? आम्ही काय कारखानदार नव्हतो?

चालू स्थितीतलं मशीन कोणी घेईल म्हणून मुलगा गाळ्यागाळ्यांतून फिरला. सगळीकडे हीच रड. कोण घेणार?

भंगारवाला हसला. "आजी, भंगाराला कसली खंडेनवमी?"

"तुझ्या कटरला आहे ना? ते काय खेळणं आहे?"

तो जरा वरमला. "मग असं करू, नारळ फोडू, हळदकुंकू वाहू, मग कापू."

"बोकड आहे का ते? ओवाळायचं आणि मान उडवायची?"

मुलगा म्हणाला, "आई, पुरे. गाळा रिकामा करून द्यायचाय. यांचा ट्रक उभा आहे."

"काप मग. पण पूजेचं सोंग माझ्यासमोर नको."

कटर पुन्हा पेटला. मुलगा घरी जा म्हणाला, मी गेले नाही. तुकडे ट्रकमध्ये चढेपर्यंत आम्ही दोघं, मी आणि माझा मुलगा, तिथेच उभे होतो.