कुठूनकाका

कुठूनकाकांना माणसांपेक्षा म्हणींचा संशय जास्त. चाकणच्या आमच्या कंपनीत ते असेंब्ली लाइनवर होते आणि युनियनच्या कमिटीवरही. मी एचआरमध्ये. दर सोमवारी पहिल्या शिफ्टच्या सुरुवातीला प्लांटचे साहेब इंग्रजीत बोलत आणि मी शेजारी उभी राहून त्याचं मराठी करायचे. साहेबांनी एखादा इंग्रजी वाक्प्रचार टाकला, की मागून काकांचा हात वर. अर्थ कळला, पण ही म्हण आली कुठून? त्यावरून पोरांनी त्यांचं नावच ते पाडलं.

ज्याला सरळ सांगायचं असतं तो सरळ सांगतो, आडून बोलणाऱ्याच्या पोटात काहीतरी असतं, असं त्यांचं म्हणणं. माझ्यावरही विश्वास नव्हताच. पगार कंपनीचा, मग जीभ तरी कुणाची असणार? चहाच्या सुट्टीत मी जवळून गेले, की ते बोलणं थांबवायचे. मला राग यायचा. तरी रविवारी मी मोबाइलवर म्हणींची कुळं शोधत बसायचे. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात, पण ते काकांना सांगणार कोण?

डेडलाइन शब्द तर आमच्याकडे उठता-बसता. अमेरिकेतल्या जुन्या युद्धात कैद्यांच्या छावणीत एक हद्द आखलेली असे, ती ओलांडणाऱ्याला गोळी घालत, असं मी सांगितलं. काका शांतपणे म्हणाले, "म्हंजी आपन कैदी, येवढं तरी कळलं." सगळी लाइन हसली. काय झालं, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा मी काही नाही म्हणून वेळ मारून नेली.

एका सोमवारी साहेब म्हणाले, बाजार थंड आहे, आता ‘बाइट द बुलेट’ करावं लागेल. मी मराठी केलं, दात-ओठ आवळून सोसावं लागेल. काकांचा हात वर. मी सांगितलं, भुलीचं औषध नव्हतं तेव्हा जखमी शिपायाचा पाय कापताना त्याच्या दातांत बंदुकीची गोळी देत, असं म्हणतात.

"मंग सायबांना इचारा," काका म्हणाले, "पाय कुनाचा कापायचं ठरलंय?"

मी जसंच्या तसं विचारलं. साहेब हळूच म्हणाले, असेंब्ली लाइन बंद होणार आहे. ते आम्हा एचआरवाल्यांनाही माहीत नव्हतं.

पुढे कमिटीने साहेबांचा पिच्छा पुरवला आणि लाइनवरची सगळी माणसं याच प्लांटमध्ये दुसरीकडे सामावली गेली. एकट्या काकांची बदली झाली, थेट परराज्यात. घरी त्यांची आई अंथरुणाला खिळलेली, हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. निरोपाच्या चहाला साहेब म्हणाले, ही बदली म्हणजे काकांच्या टोपीतला मानाचा तुरा. भाषणाचा कागद आधीच हातात आल्यामुळे त्या तुऱ्याचं कूळ मी आदल्या दिवशीच शोधून ठेवलं होतं. काकांनी ते विचारलंच नाही. चहाचा कप घेऊन ते माझ्याजवळ आले.

"मॅडम, तुमाला काय वाटतं?"

मी म्हणाले, "काका, तुम्हाला घालवतायत. आईला सोडून तुम्ही जाणार नाही, आपणहून राजीनामा द्याल, हे त्यांना माहितीय."

त्यांनी माझ्याकडे नेहमीसारखं निरखून पाहिलं. "व्हय. सरळ बोललीस, पोरी."

त्यानंतर त्यांनी मला कधी मॅडम म्हटलं नाही. म्हणायला ते कंपनीत राहिलेच नाहीत.