सुनंदाताईंनी लोगो काढला

मित्रहो, आज रायपूरच्या शंकर नगरात एका बाईंनी माझं तोंड बंद केलं. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

सुनंदाताई डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकवतात. सोमवारपासून प्रवेश सुरू होतात, म्हणून त्यांच्या वेबसाइटचा मजकूर मी लिहून देतोय. सकाळी गेलो, तर पहिल्या पानावरचा त्या सॉफ्टवेअरचा भलामोठा लोगो ताई काढून टाकत होत्या.

"काहून काढून राहिल्या? समोरच्या क्लासनं तर दारावरही लावला. पोट्टे लोगो पाहूनच येतात."

"हव, माहीत आहे मले. पण मी कंपनीले मेल करून विचारलं होतं. स्क्रीनशॉट चालतात म्हणे, फक्त त्यात खाडाखोड नको. लोगो नाही चालत. लोकांना वाटते, आपण त्यांचीच शाखा आहो."

"रायपुरात कोण पाहायला येते, ताई?"

ताई माउस सोडून वळल्या. "भाऊ, तुमची पोस्ट कोणी नाव न टाकता उचलली, तेव्हा तुम्ही आठ दिवस भांडले. तेही रायपुरातूनच ना?"

मी चहा प्यालो. थंड झाला होता, तरी प्यालो.

लोगोच्या जागी ताईंनी साध्या अक्षरांत लिहिलं: 'आम्ही या कंपनीची शाखा नाही. तिचं सॉफ्टवेअर मात्र नीट शिकवतो.' सोमवारी किती जण येतील, याची धाकधूक त्यांनाही आहे. तरी वेबसाइट तशीच सुरू केली. इतकं सरळ वाक्य मला कधी सुचलं नाही.

घरी येऊन माझं प्रोफाइल पाहिलं. वरचा सूर्यास्ताचा फोटो मी कुठूनतरी उचललेला आहे. तुमच्यापैकी कोणाचा आहे का? विचारायचं राहून गेलं होतं.