आबांचा तोंडवळा

मी हुबेहूब आबांवर गेले आहे. तेच बसकं नाक, त्याच जुळलेल्या भुवया, हनुवटीवरची तीच खळी. आमच्याकडच्या बायका म्हणायच्या, पोर पितृमुखी आहे, नशीब काढील. त्या नाकासकट मी नशीब काढायला औरंगाबादेत आले, आणि आल्याबरोबर मला त्याच नाकाची लाज वाटायला लागली.

आबा धनगर. वेरूळच्या अलीकडे डोंगराच्या पायथ्याला आमच्या मेंढ्या बसायच्या. संध्याकाळी कळप परतला की कोंडलेली कोकरं पाजायला सोडायचं काम आबांचं. एकेक कोकरू उचलायचं, त्याचं तोंड बघायचं, मग मेंढीचं तोंड बघायचं, आणि बरोबर तिच्याच सडाला लावायचं. चुकीच्या मेंढीला लावलं तर ती लाथ मारते. आबांनी लावलेल्या कोकराला लाथ बसलेली मी कधी पाहिली नाही.

आई गेल्यावर आत्याने मला शहरात नेलं. ती एका वकिलांकडे धुणीभांडी करायची, आणि वकिलीणबाईंनी हट्टाने मला मुलींच्या शाळेत घातलं. राज्य निजामाचं, शिक्षण उर्दूतून, शिकवणाऱ्या बाईंना उस्तानी म्हणायचं. बरोबरच्या मुली तहसीलदारांच्या नाहीतर मुनसफांच्या. पहिल्याच आठवड्यात मी ठोकून दिलं की माझे वडील जमीनदार आहेत आणि घोड्यावरून फिरतात. घोडा आमच्याकडे खरंच होता. तो बिऱ्हाडाची भांडी आणि चालता न येणारी कोकरं वाहायचा.

इंग्रजीच्या उस्तानी हैदराबादच्या होत्या. एके दिवशी त्यांनी फळ्यावर लाकडाचा ओंडका काढला, शेजारी त्याची एक ढलपी काढली, आणि खाली लिहिलं, ‘चिप ऑफ द ओल्ड ब्लॉक’. लेकरू बापासारखं निघालं की इंग्रज असं म्हणतो, जुन्या ओंडक्याची ढलपी. त्याच अर्थाचा दुसरा प्रयोग होता ‘स्पिटिंग इमेज’. त्यात थुंकी आहे हे कळल्यावर वर्गभर ओढण्या तोंडाला लागल्या. मी हसले नाही. कुणी माझ्याकडे बघत तर नाही ना, एवढंच मी बघत होते. बघायचं काय कारण होतं म्हणा, माझ्या बापाला तिथं कुणी पाहिलंच नव्हतं.

त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत आबा शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. हातात काठी, वहाणा धुळीनं पांढऱ्या, खांद्यावर नवी घोंगडी. जावळाची, म्हणजे कोकरांच्या पहिल्या कातरणीच्या लोकरीची. तेवढी मऊ घोंगडी दुसरी नसते, आणि ती माझ्यासाठी होती. मी मुलींना म्हणाले, "आमच्या शेतावरचा माणूस आलाय," आणि धावले. मुली मागोमाग आल्याच.

नेमक्या उस्तानी तिथून चालल्या होत्या. त्या थांबल्या. आबांच्या तोंडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत आबांकडे. मग अगदी कौतुकाने हसून इंग्रजीत म्हणाल्या, "चिप ऑफ द ओल्ड ब्लॉक!" आणि गेल्या.

मागच्या साऱ्या मुलींना ते कळलं, धडा चार दिवसांचा ताजा होता. कळलं नव्हतं ते एकट्या आबांना. त्यांनी उस्तानींसाठी जोडलेले हात अजून खाली आले नव्हते. "काय म्हनल्या गं बाई?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणाले, "परक्या माणसानं फाटकाशी थांबू नये म्हणाल्या."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. घोंगडी माझ्या हातात दिली. "बरं. जातो मंग," म्हणाले आणि वळले. एवढं चालून आलेल्या बापाला मी पाणीसुद्धा विचारलं नाही. मुली न हसता एकेक करून वर्गात निघून गेल्या, आणि त्या निघून जाण्याने माझी जी शोभा झाली ती हसण्याने झाली नसती. पुढे आबा शहरात येत, पण आत्याकडे, मागच्या दाराने. शाळेच्या रस्त्याला ते पुन्हा गेले नाहीत.

मी शिकले, शिक्षिका झाले, तीही इंग्रजीची. ढलपीचा तो प्रयोग दर वर्षी शिकवायला यायचा आणि मी तो घाईने उरकायचे. निजामाचं राज्य गेलं, मेंढ्या गेल्या, आबा थकून माझ्याकडे राहायला आले. एका दुपारी ते ओट्यावर बसले होते. मी शेजारी बसले आणि सांगून टाकलं, की त्या दिवशी उस्तानी तसं म्हणाल्या नव्हत्या. पोरगी अगदी बापाची आहे, असं म्हणाल्या होत्या.

"ते मला तवाच उमगलं व्हतं," आबा म्हणाले.

"इंग्रजी?"

"इंग्रजी कशाला लागतंय. बाईनं माझं तोंड बघितलं, मंग तुझं बघितलं. म्या जलमभर दुसरं काय केलं?"

मी विचारलं, "मग तेव्हा बोलला का नाहीत, आबा?"

आबा म्हणाले, "मेंढीनं कोकराला लाथ मारल्याली लई बगितली. कोकरानं मारल्याली तवाच पयल्यांदा. काय बोलावं, सुदरलंच नाय."

हे त्यांनी रागाने सांगितलं नाही. कळपातली एखादी गोष्ट सांगावी तसं सांगितलं, आणि चहा मागितला. मी चहा ठेवायला आत गेले ती लवकर बाहेर आले नाही.