साडूंचा धाकटा

उभ्या खानदेशात आमच्या साडूंइतका हवाई लढाईत रमलेला माणूस मी पाहिलेला नाही, आणि खऱ्या विमानात बसायला त्यांच्याइतका घाबरणाराही नाही. फैजपूरला केळीची बाग, घरात जुना संगणक आणि त्याच्या पडद्यावर झुंजणारी दोन विमानं. एक शत्रूचं. दुसरं आपले निर्णय आपण घेणारं, साडूंनी शिकवलेलं. त्याला ते ‘धाकटा’ म्हणत. हे वेड पंगतीतही सुटत नसे. यावलच्या एका लग्नात वरणाची बादली घेऊन वाढपी मागून आला, तर हे ओरडले, “शेपटीवर आलाय, वळा!” आणि स्वतःच वळले ते थेट व्याह्यांच्या ताटात.

धाकट्याची शिकवणी गुणांवर चाले. शत्रू पाडला तर दहा, सुखरूप उतरला तर शंभर. घरातलं कोणी जळगावला जरी गेलं, तरी “पोहोचलो” असा फोन येईपर्यंत साडू जेवत नसत. त्यांनी लावलेले गुण असेच असणार. मी म्हटलं, “भाऊ, हे प्रमाण चुकतंय.” चुकलंच. हजारो झुंजींनंतर धाकटा एवढंच शिकला, की शत्रू दिसला की घर गाठायचं. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, माहेर साक्रीकडचं, त्या नवऱ्याला म्हणाल्या, “तुमनं विमान तुमनापेक्षा शाणं शे. येळवर घर तं येस!”

पुढे जळगावच्या एका कॉलेजात अशा विमानांची स्पर्धा ठरली. शेतकऱ्याचा हा उद्योग जाणत्यांनी एकदा तरी पाहावा, एवढीच साडूंची हौस. पळपुटा धाकटा नेला तर हसं होणार. त्यांनी आकडे उलटे केले. पाडण्याला शंभर, उतरण्याला दहा. धाकटा पुन्हा पहिल्यापासून शिकला.

शेवटच्या झुंजीत तो वळलाच नाही. सरळ शत्रूवर जाऊन आदळला. पडदा रिकामा झाला. शत्रू पाडला की जिंकला, या नियमाप्रमाणे आपण जिंकलो. टाळ्या पडल्या, एका प्राध्यापकांनी साडूंचा हात धरून अभिनंदन केलं. साडू पडद्याकडेच बघत होते.

तेव्हापासून संगणकावर चादर आहे. परवा मी सहज म्हटलं, “भाऊ, जुने आकडे परत घालता येतील की.”

“येतील ना,” ते म्हणाले. “तोही उतरेल घरी. पण तो दुसराच कोणी असेल हो.”