विनोदच्या वाटणीचे शिपाई

मंडळी, ग्रुपवर टेबलावरच्या लढाया खेळणारे बरेच आहेत, म्हणून इथंच विचारतो.

आज दुपारी मलकापूरला विनोदच्या घरी गेलो होतो. बारा वर्षं माझ्यासमोर खेळायला तोच बसायचा. त्याला जाऊन दोन महिने झाले. सकाळी वहिनींचा फोन आला, "भाऊजी, ह्यायच्या नावाचं पार्सल आलं. तुमीच येऊन पाहा."

खोकं उघडलं. आत प्लॅस्टिकचे भालेवाले मावळे, बोटाच्या पेराएवढे. आम्ही दोघांनी मिळून मागवले होते. मी विसरूनच गेलो होतो.

आमची रीत अशी, की नवं खोकं आलं की आळीपाळीनं एकेक शिपाई निवडायचा. मी माझा एक उचलला. मग हात आपोआप त्याच्यासाठी निवडायला लागला. वाकड्या भाल्याचे नेहमी तोच घ्यायचा. म्हणायचा, "गरम पाण्यात बुडवला का सरळ होते बे, तू काऊन भेऊन राह्यला?" मी त्याच्या बाजूला तेच ठेवत गेलो. रडू आलं नाही. खरं सांगतो, काहीच वाटलं नाही.

दोन ढीग झाले. तेवढ्यात वहिनींनी गरम पाण्याचा गंज आणून शेजारी ठेवला. मी मागितला नव्हता.

"तुमी वाटणी करून राह्यले म्हणून आणला," त्या म्हणाल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या.

मी सगळे भाले सरळ केले. दोन्ही ढीग घरी आणलेत.

दोन्ही बाजूंनी एकटंच खेळणारं कोणी आहे का इथं? समोरच्याला जिंकू देता का?